चार पिनांचा वाटाड्या

गार्मिन कंपनीच्या पिवळ्या ईट्रेक्स या हँडहेल्ड जीपीएसच्या स्क्रीनवर आडवे ६४ आणि उभे १२८, म्हणजे एकूण ८,१९२ ठिपके. १३६६ बाय ७६८ च्या साध्या लॅपटॉपवर साडेदहा लाखांच्या घरात. भागाकार करून बघा, उत्तर जवळजवळ नेमकं १२८ पट येतं. जुना हँडहेल्ड जीपीएस लॅपटॉपला जोडण्याचं पहिलं कारण या भागाकारातच आहे.

दुसरं कारण त्याहून महत्त्वाचं. २००० साली बाजारात आलेल्या त्या पिवळ्या यंत्राच्या पोटात नकाशा नव्हताच. बाण, आकडे आणि चाललेल्या वाटेची एक बारीक रेघ, एवढाच संसार. आपण कुठे आहोत हे मात्र त्याला पक्कं ठाऊक. लॅपटॉपचं बरोबर उलट: त्यात अख्ख्या सह्याद्रीचे नकाशे मावतात, पण बहुतेक लॅपटॉपांत जीपीएसची चिप नसते. इंटरनेट गेलं की आपण भोरमध्ये आहोत की भंडाऱ्यात, हे त्याला सांगता येत नाही. दोघांच्या मधे एक केबल टाकली की नकाशावर आपला ठिपका चालू लागतो. या केबलीतून जे वाहतं त्याच्या गमती भरपूर आहेत.

वेग ४,८००, आणि तो पुरतो

जुने हँडहेल्ड लॅपटॉपशी ज्या भाषेत बोलतात तिचं नाव एनएमईए ०१८३. अमेरिकेतल्या नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशन या संस्थेने ती १९८३ मध्ये ठरवली. बोटीवरचं वेगमापक, खोलीमापक, सुकाणू आणि दिशादर्शक ही वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलू शकावीत, एवढाच तेव्हाचा हेतू. आज चाळीस वर्षांनंतरही नव्या जीपीएस चिपांना ती येते.

वेग सेकंदाला ४,८०० बिट. प्रत्येक अक्षराला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ४८० अक्षरं. हे वाचून हसू येत असेल तर थांबा. खुद्द जीपीएस उपग्रह आपली माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने पाठवतो! आपली केबल उपग्रहापेक्षा ९६ पट चपळ आहे. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक एका उपग्रहाकडून पूर्ण ऐकायला साडेबारा मिनिटं लागतात. वर्षानुवर्षं बंद पडलेला जीपीएस पहिल्यांदा सुरू केला की तो बराच वेळ नुसता आकाशाकडे बघत बसल्यासारखा वाटतो, त्याचं कारण हेच. त्याला मोकळ्या मैदानात नेऊन पंधरावीस मिनिटं ठेवा. बिघडला आहे असं समजून टाकून देऊ नका.

डॉलरपासून ताऱ्यापर्यंत

या भाषेतलं प्रत्येक वाक्य डॉलरच्या चिन्हाने सुरू होतं आणि ८२ अक्षरांत संपतं. शेवटी तारा आणि त्यापुढे दोन अक्षरांची बेरीजवजा खूण असते. डॉलर आणि तारा यांच्या मधल्या सगळ्या अक्षरांवर एक सोपी द्विमान क्रिया केली की ही खूण मिळते. जुळली नाही तर वाटेत काहीतरी गडबडलं, वाक्य फेकून द्या. कागद-पेन घेऊन बसलात तर हातानेही पडताळता येईल. कुठे कुलूप नाही, कुठे सांकेतिक लिपी नाही. साधा टर्मिनल प्रोग्रॅम उघडला तरी वाक्यं एकाखाली एक ओघळताना दिसतात, आणि मला तरी नकाशावरच्या ठिपक्याइतकाच आनंद ती बघण्यात होतो.

कामाची वाक्यं तीन-चारच. आरएमसी म्हणजे अत्यावश्यक माहिती: वेळ, अक्षांश, रेखांश, वेग, दिशा, तारीख. त्यात एकच अक्षर आधी शोधायचं, ‘ए’ की ‘व्ही’. ए असेल तर जागा सापडलेली आहे. व्ही असेल तर यंत्र अजून आकाश चाचपत आहे आणि बाकीचे आकडे कितीही सुबक दिसले तरी त्यांच्यावर विसंबायचं नाही. जीजीएमध्ये उंची आणि किती उपग्रह पकडले ते कळतं. जीएसव्हीमध्ये कुठला उपग्रह आकाशात कुठे आहे याचा तपशील असतो, पण एका वाक्यात चारच उपग्रह बसतात, त्यामुळे बारा उपग्रहांना तीन वाक्यं लागतात. हा सगळा जथा ४८० अक्षरांच्या सेकंदात मावत नाही. म्हणून बरेच जुने गार्मिन दर दोन सेकंदांनी बोलतात. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्यात ३३ मीटर पुढे गेलेली असते. घाटातल्या वळणावर ठिपका रस्ता सोडून दरीत उतरल्यासारखा दिसला तर दचकू नका, तो मागून येतोय.

एकाच प्रवाहात तीन मापं नांदतात हेही बघण्यासारखं. आरएमसीमधला वेग नेहमी नॉटमध्ये, तुम्ही यंत्राच्या स्क्रीनवर किलोमीटर लावलेले असले तरी. जीजीएमधली उंची मीटरमध्ये. आणि गार्मिनचं स्वतःचं एक खास वाक्य आहे, त्यात उंची फुटांत. दर्यावर्दी, भूमापक आणि वैमानिक अशा तिघांच्या सवयी एका वायरीतून वाहतात.

पुणेकर पोचला डोंगरात

या भाषेतला सगळ्यात मोठा सापळा अक्षांश-रेखांश लिहिण्याच्या पद्धतीत आहे. पुण्याचा अक्षांश साधारण १८ अंश ३१.२ मिनिटं. एनएमईए तो सलग लिहितं: १८३१.२. पहिले दोन आकडे अंश, पुढचे मिनिटं. नवशिका प्रोग्रॅमर हा आकडा बघतो, दशांशचिन्ह दोन घरं मागे सरकवतो आणि १८.३१२ अंश म्हणून मोकळा होतो. खरं उत्तर आहे १८.५२, कारण अंशात मिनिटं साठ असतात, शंभर नव्हेत.

रेखांशाचंही तसंच करा. ७३ अंश ५१.४ मिनिटांचे ७३.५१४ अंश होतात, खरे असतात ७३.८५७. आता हा चुकलेला बिंदू नकाशावर टाका. शनिवारवाड्याजवळ उभा असलेला माणूस चाळीसेक किलोमीटर नैर्ऋत्येला, तोरणा आणि रायगड यांच्या उत्तरेकडच्या डोंगररांगांत जाऊन पडतो! स्वतः प्रोग्रॅम लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा सापळा माहीत करून घ्यावा. तुमचा ठिपका डोंगरात दिसला तर आधी इथेच बघा.

पण या पद्धतीमागे शहाणपण आहे. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. खलाशाला मिनिटांतला फरक बघून अंतर तोंडी सांगता येतं. मिनिटाचे तीन दशांश दिले की १.८५ मीटरपर्यंतची बारकाई मिळते, आणि जुन्या यंत्राच्या अचूकतेला तेवढी पुष्कळ झाली.

माउसला झपाटलं कोणी?

माझ्या लेखी या विषयातली सर्वांत अफलातून गोष्ट ही. तुम्ही केबल जोडता, जीपीएस सुरू असतो, विंडोज चालू करता, आणि माउसला हात न लावता बाण स्क्रीनभर सैरावैरा पळू लागतो. फायली आपोआप उघडतात, बंद होतात, खिडक्या सरकतात. व्हायरस आला म्हणून लोक कॉम्प्युटर फॉरमॅट करायला निघतात.

व्हायरस वगैरे काही नसतं. एके काळी माउसही सीरियल पोर्टलाच जोडत. विंडोज सुरू होताना त्या पोर्टवर कान लावतं, कोणी बोलतंय का ते ऐकतं. जीपीएस तर न विचारता बोलतच असतो. ती बडबड ऐकून विंडोज त्याची नोंद सीरियल बॉलपॉइंट माउस अशी करून टाकतं. मग तुमचे अक्षांश-रेखांश म्हणजे त्याच्या लेखी माउसच्या हालचाली!

उपाय दोन. लॅपटॉप पूर्ण सुरू झाल्यावरच जीपीएस चालू करायचा. तरीही खोड गेली नाही तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन माउसच्या यादीतला तो सीरियल बॉलपॉइंट निष्क्रिय करायचा. तो काढून टाकू नका, काढला तर पुढच्या वेळी परत येतो. निष्क्रिय केला की गप्प बसतो.

तीन वायरी, एक अडॅप्टर

जुन्या गार्मिनला पाठीमागे चार पिनांचं कनेक्टर असतं. जीपीएस १२ किंवा जीपीएस ३ असेल तर गोल, ईट्रेक्स असेल तर रबरी झाकणाखाली चपटं. चारांपैकी एक पिन वीज घेण्यासाठी. उरलेल्या तीन म्हणजे बोलणं, ऐकणं आणि अर्थिंग. नुसता ठिपका नकाशावर हलता बघायचा असेल तर बोलणं आणि अर्थिंग या दोनच वायरी पुरतात. नऊ पिनांच्या प्लगमध्ये त्या अनुक्रमे २ आणि ५ या क्रमांकांना जातात. लॅपटॉपवरून जीपीएसमध्ये खुणा भरायच्या असतील तर तिसरी वायर, ३ क्रमांकाला. ज्या आरएस-२३२ मानकावर हे चालतं ते १९६० सालचं आहे, माणूस चंद्रावर उतरायच्या नऊ वर्षं आधीचं.

विजेच्या पिनेबाबत मात्र जपून. एकाच आकाराच्या गोल प्लगवर काही मॉडेल गाडीचे १२ व्होल्ट थेट घेतात, काही ८ व्होल्टच्या वर जळतात. प्लग बसला म्हणजे वीज चालेल असं नाही. मॅन्युअल बघितल्याशिवाय गाडीच्या सॉकेटला जोडू नका. मी म्हणेन, विजेची वायर लावूच नका. ईट्रेक्स दोन पेन्सिल सेलवर २२ तास चालतो असं कंपनीच सांगत असे. तोवर लॅपटॉपची बॅटरी कितीतरी वेळा रिकामी झालेली असेल.

आजच्या लॅपटॉपला नऊ पिनांचा पोर्ट नसतो, म्हणून यूएसबी-सीरियल अडॅप्टर घ्यावा लागतो. खरी परीक्षा इथे आहे. अडॅप्टरच्या पोटातली चिप कोणती, यावर सगळं ठरतं. बाजारात एफटीडीआय, प्रॉलिफिक आणि सीएच३४० या तीन घराण्यांच्या चिपा मुख्यतः दिसतात, आणि पहिल्या दोघांच्या नकला सुकाळाने मिळतात. २०१४ मध्ये एफटीडीआयच्या नव्या विंडोज ड्रायव्हरने नकली चिपांची ओळखसंख्याच पुसून शून्य केली आणि जगभर हजारो अडॅप्टर एका अपडेटसरशी गप्प झाले. केवढा गदारोळ माजला! प्रॉलिफिकचा नवा ड्रायव्हर जुन्या चिपा ओळखतो, पण काम करायला नकार देतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘ही चिप २०१२ पासून बंद’ अशा अर्थाची ओळ दिसली तर तुमची केबल निर्दोष आहे, जुना ड्रायव्हर शोधा. लिनक्सवर यातलं काहीच आड येत नाही. तिन्ही घराण्यांचे ड्रायव्हर कर्नेलमध्येच असतात. चांगल्या दुकानातून खऱ्या एफटीडीआय चिपचा अडॅप्टर घेणं हा माझा स्पष्ट सल्ला. चार पैसे जास्त जातात, पण डोकं शाबूत राहतं.

अडॅप्टर लावला की लॅपटॉप त्याला एक कॉम क्रमांक देतो. यूएसबीचं भोक बदललं की हा क्रमांकही बदलू शकतो. काल चाललेली जोडणी आज चालत नाही, यामागे बहुधा एवढंच असतं. काही जुन्या प्रोग्रॅमना मोठे क्रमांक कळतही नाहीत. डिव्हाइस मॅनेजरमधून क्रमांक हाताने ३ किंवा ४ करून टाका.

आणि हे सगळं बरोबर असूनही स्क्रीन कोरी राहिली तर? जीपीएसच्या सेटिंगमध्ये इंटरफेस नावाचं पान उघडा. तिथे ‘गार्मिन’ निवडलेलं असणार. ती कंपनीची खासगी भाषा. ‘एनएमईए’ निवडा. मेल्यासारखी वाटणारी बरीच यंत्रं या एका बटणाने बोलू लागतात.

नवं म्हणजे सोपं असं नाही

२००४ च्या सुमारास गार्मिनच्या हँडहेल्डना यूएसबी आली. लोकांना हायसं वाटलं आणि लगेच कोडं पडलं. जीपीएसमॅप ६० सीएससारखं यंत्र यूएसबीने जोडलं की कॉम पोर्ट दिसतच नाही. कारण यूएसबीवर ते एनएमईए बोलत नाही, फक्त गार्मिनची खासगी भाषा बोलतं. गंमत म्हणजे त्याच यंत्राला मागे गोल चार पिनांचं कनेक्टरही आहे आणि तिथून एनएमईए बिनबोभाट येतं. म्हणजे जुनी केबल जोडणाऱ्याचं काम पाच मिनिटांत, नवी जोडणाऱ्याला मधे दुभाष्या लागतो.

विंडोजवर कित्येक वर्षं जीपीएसगेट हा स्वीडनहून आलेला प्रोग्रॅम तो दुभाष्या होता. आणखी एक अडचण तो सोडवायचा: कॉम पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो. नकाशाने पकडला की ट्रॅक नोंदवणाऱ्याला काही मिळत नाही. लिनक्सवर हीच दोन्ही कामं जीपीएसडी करतो. जीपीएस कुठलाही असो, तो २९४७ क्रमांकाच्या पोर्टवर एकाच रूपात माहिती वाटतो, मागणारे कितीही असोत. आणि फायलींचा दुभाष्या म्हणजे जीपीएसबेबल. जगात जीपीएसच्या जितक्या फाइल-पद्धती निघाल्या त्यांतल्या बहुतेक त्याला येतात. तिन्हींमध्ये माझं मत विचाराल तर जीपीएसबेबल आधी शिका.

समुद्रसपाटीच्या खाली मुंबई

मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर उभे राहा आणि जीजीए वाक्यात उंचीच्या पुढचा आकडा वाचा. तो उणे येईल, साठ-पासष्ट मीटरच्या आसपास. मुंबई बुडालेली नाही.

जीपीएस पृथ्वीला एक गुळगुळीत, किंचित चपटा गोल मानतो आणि त्यावरून उंची काढतो. खरी समुद्रसपाटी मात्र गुरुत्वाकर्षणाच्या ओढीप्रमाणे खालीवर होते. या दोन पृष्ठभागांतला फरक तो उणे आकडा सांगतो. आणि जगातला सगळ्यात खोल खळगा आपल्याच शेजारी आहे! श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागराची सपाटी त्या आदर्श गोलाच्या सुमारे १०६ मीटर खाली आहे. अख्खा भारतीय उपखंड त्या खळग्याच्या उतारावर बसलेला. हा खळगा कशामुळे पडला, याचा पृथ्वीच्या पोटातल्या हालचालींवरून खुलासा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये मांडला.

व्यवहारात याचा अर्थ असा की एखादा प्रोग्रॅम हा फरक हिशेबात घ्यायला विसरला तर १,६४६ मीटरच्या कळसूबाईची उंची १,५८० च्या आसपास दिसते. लॅपटॉपवरची उंची आणि जीपीएसच्या स्क्रीनवरची उंची यांत साठ-सत्तर मीटरांचा फरक दिसला की समजावं, दोष उपग्रहाचा नाही.

हिंगणघाटची कबर आणि अडीच मिलिमीटर

ट्रेकर मंडळींमध्ये ओझीएक्सप्लोरर हा ऑस्ट्रेलियन प्रोग्रॅम लाडका होता आणि काहींचा अजूनही आहे. त्याचं कारण एकच: कुठलाही कागदी नकाशा स्कॅन करा, त्यावरच्या काही बिंदूंचे अक्षांश-रेखांश सांगा, आणि जीपीएस जोडा. तुमच्या आजोबांच्या काळच्या टोपोशीटवर ठिपका चालू लागतो.

पण तो थोडा चुकीच्या जागी चालतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे १८३० सालच्या एव्हरेस्ट गोलावर आखलेले आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ नावाच्या गोलावर चालतो. पुणे-मुंबईच्या पट्ट्यात दोघांमधला फरक शे-सव्वाशे मीटर भरतो. एकास पन्नास हजारच्या टोपोशीटवर ते जेमतेम अडीच मिलिमीटर. कागदावर नगण्य. कड्यावर मात्र तेवढ्यात माथा आणि पायथा यांची अदलाबदल होते. प्रोग्रॅममध्ये नकाशाचा डेटम ‘इंडियन’ निवडला की ठिपका जागेवर येतो. नकाशा चढवताना विचारलेला हा एक प्रश्न कधीही टाळू नका.

एव्हरेस्ट नावाच्या सर्वेक्षकाने तो गोल ज्या मोजणीवरून काढला तिचा पाया विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ घातला. वीस वर्षं तो माणूस साखळ्या आणि अवजड थिओडोलाइट घेऊन उत्तरेकडे सरकत राहिला. नागपूरच्या वाटेवर असताना जानेवारी १८२३ मध्ये तो गेला, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्याची कबर तिथेच आहे. विदर्भात जीपीएस घेऊन फिरणाऱ्याने एक खूण तिथे जरूर टाकावी.

तारीख चुकते, वार चुकत नाही

जुना जीपीएस लॅपटॉपला जोडलात, ठिपका अगदी बरोबर, पण ट्रॅकवर तारीख एकोणीस-वीस वर्षांपूर्वीची! घाबरू नका. जीपीएस उपग्रह आठवडे मोजतात आणि त्या मोजणीला दहा बिट दिलेले आहेत. म्हणजे १,०२४ आठवडे झाले की मोजणी पुन्हा शून्यावर. ६ जानेवारी १९८० ला सुरू झालेला हा काटा पहिल्यांदा ऑगस्ट १९९९ मध्ये फिरला, दुसऱ्यांदा ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री. ज्या यंत्रांच्या सॉफ्टवेअरला हे फिरणं ठाऊक नाही ती भूतकाळात जाऊन राहतात. जागा सांगण्यात काडीचा फरक पडत नाही. आणि पूर्ण आठवड्यांचीच चूक असल्याने वार तंतोतंत बरोबर येतो.

ट्रॅकवरून फोटोंना जागा जोडायची असेल तर मात्र तारीख सुधारायलाच हवी. जीपीएसबेबलमध्ये ट्रॅकची वेळ पुढे सरकवण्याची सोय आहे. ७,१६८ दिवस घाला, काम झालं.

भराभर आणखी थोडं

२००० सालापर्यंत अमेरिकन सरकार नागरी जीपीएसच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत हुकायची. ही भेसळ थांबली तेव्हा आपल्याकडे २ मेची सकाळ होती, साडेनऊच्या सुमारास. जगभरातले जुने हँडहेल्ड एका क्षणात काही पटींनी अचूक झाले, कुणी एक बटणही न दाबता. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात एकाने जंगलात डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. जिओकॅशिंगचा खेळ तिथून सुरू झाला.

उपग्रहांच्या यादीत ३२ च्या पुढचा आकडा दिसला तर तो सुधारणा पाठवणारा भूस्थिर उपग्रह असतो. मूळ क्रमांकातून ८७ वजा करून तो दाखवतात. भारताच्या गगन प्रणालीचे १२७ आणि १२८ हे क्रमांक म्हणून ४० आणि ४१ असे दिसतात. अशा सुधारणा ऐकण्याची ‘वास’ (WAAS) सुविधा असलेल्या जुन्या यंत्रात हे आकडे सापडले तर तुम्ही आपल्याच देशाचा उपग्रह ऐकताय.

नागरी जीपीएसला बंधनंही आहेत. १,००० नॉटहून जास्त वेग किंवा १८ किलोमीटरहून जास्त उंची झाली की यंत्राने जागा सांगणं थांबवावं, असा निर्यातीचा जुना नियम होता. क्षेपणास्त्रात कुणी बसवू नये म्हणून.

आणि एक गैरसमज. जुना हँडहेल्ड फक्त ऐकतो, काहीही प्रक्षेपित करत नाही. उपग्रहामार्फत निरोप पाठवणारी नवी हँडहेल्ड यंत्रं निराळी. ती परवान्याविना भारतात बाळगणं बेकायदेशीर आहे आणि २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुण्यांवर त्यापायी कारवाई झाली. परदेशातून कुणी ‘गार्मिन’ आणणार असेल तर नुसतं नाव ऐकून हो म्हणू नका, मॉडेल विचारा.

नकाशा कुठला उघडायचा?

समुद्रासाठी ओपनसीपीएन. मोफत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतो आणि एनएमईए ही त्याची मातृभाषाच. शिवाय केबल उलट दिशेनेही कामाला लावतो: ठरवलेल्या मार्गापासून बोट किती आणि कुठल्या बाजूला सरकली ते सांगणारं वाक्य तो बाहेर पाठवतो, आणि छोट्या बोटींचे स्वयंचलित सुकाणू ते ऐकून बोट वळवतात. मात्र कोकण किनाऱ्यावर प्रत्यक्ष बोट घालायची तर देहरादूनच्या राष्ट्रीय जलालेखन कार्यालयाचे नकाशेच प्रमाण धरा. फुकट नकाशातला खडक जागेवर नसला तर तक्रार कुणाकडे करणार?

डोंगर आणि शेतासाठी क्यूजीआयएस. त्यात जीपीएसचं एक पॅनेल आहे, पोर्ट निवडला की चालता चालता बांधाची रेघ काढता येते. गूगल अर्थ प्रो लॅपटॉपवर असेल तर साधनांच्या मेनूत जीपीएस आहे, त्यात ‘रिअलटाइम’ निवडा. आधी फिरून ठेवलेल्या भागाची चित्रं तो साठवतो, त्यामुळे थोडाफार इंटरनेटविनाही चालतो. गाडीत हे सगळं शेजारच्या सीटवरच्या माणसाने बघायचं, चालवणाऱ्याने कदापि नाही.

शहरात फोन याहून सोयीचा, हे मान्य. पण पावसात ओल्या बोटांनी दाबता येणारी बटणं, कुठल्याही दुकानात मिळणारे सेल, आणि कुणाचीही परवानगी न मागता उघडपणे बोलणारी भाषा, या तीन गोष्टी एकत्र फोनमध्ये मिळत नाहीत.

तुमच्या माळ्यावर, कपाटात असं यंत्र पडलं असेल तर आज त्यातले सेल काढा, कारण गळलेल्या सेलनेच अशी बरीच यंत्रं संपतात. संपर्कपट्ट्या पुसून नवे सेल घाला, चालवून बघा. स्वतःला नको असेल तर केबल आणि अडॅप्टरसकट जवळच्या शाळेला द्या. भूगोलाच्या तासाला मैदानात चार पावलं चाललं की अक्षांश बदलताना मुलांना लॅपटॉपवर दिसेल, आणि त्यासाठी शाळेला एक रुपयाही खर्च येणार नाही.